उपकर की उपकार?

हा दिवाळी अंक आपल्या हाती कोणत्या वाटेने आला, हे वाचकांनी क्षणभर आठवून पाहावे. कोणी तो विकत घेतला असेल, कोणाकडे तो भेट म्हणून आला असेल. पण पुष्कळ घरी तो वाचनालयातूनच आला असणार, याविषयी मला शंका नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाबरोबर हा अक्षरांचा फराळही मराठी घरांच्या अंगवळणी पडला. निघतात तेवढे सगळे अंक विकत घेणे कोणाच्याच खिशाला परवडत नाही. म्हणून गावोगावच्या वाचनालयांनी ‘दिवाळी अंक योजना’ नावाची एक मोठी सोयीची चाल पाडली आहे. ठरावीक रक्कम एकदा भरावी आणि पुढचे दोनतीन महिने एकेक अंक घरी नेऊन वाचावा. आपल्या वाट्याला अंक येतो तेव्हा कोणाच्या तरी चकलीच्या तेलाचा डाग मुखपृष्ठावर उमटलेला असतो, शब्दकोडे कोणीतरी अर्धेमुर्धे सोडवलेले असते, आणि राशिभविष्याची पाने तर हाताळून हाताळून मऊ पडलेली असतात. तरीही तो अंक आपलाच वाटतो.

तो खरोखर आपला असतो काय? वाचनालयाची जागा, कपाटे, ग्रंथपालाचा पगार, विजेचे बिल हे सारे आपल्या वर्गणीतून भागत नाही, हे उघड आहे. मग उरलेले पैसे कोण देतो, कोणत्या नात्याने देतो, आणि जो देतो त्याचा त्या कपाटांवर हक्क किती? वाचनालये वर्गणीच्या पैशावरून सार्वजनिक पैशावर कशी आली, आणि येताना कोठे अडली, याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. सणासुदीच्या दिवसांत कराची गोष्ट काढणे जरा अप्रशस्तच. पण वाचकांनी ती गोड मानून घ्यावी.

मला हा विषय सुचला तो घरपट्टीच्या बिलावरून. मी करावे गावात राहतो. नेरूळ आणि बेलापूर यांच्या मधले, खाडीच्या अंगाला वसलेले हे आगरी-कोळ्यांचे जुने गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, भाताची खाचरे संपादनात गेली, आणि पाहता पाहता गावाभोवती शहर उभे राहिले. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला, तेव्हा करावेकर गावकऱ्याचे नागरिक झाले. नागरिक होण्याच्या पुष्कळ खुणा असतात. त्यांतली एक खात्रीची खूण म्हणजे घरपट्टीचे बिल! महाराष्ट्रातल्या शहरांत हे बिल सावकाश वाचण्यासारखे असते. मूळ करापाठोपाठ शिक्षण उपकर, वृक्ष उपकर अशी उपकरांची उतरंड त्यात मांडलेली असते. दुकान किंवा कचेरी असेल तर रोजगार हमी उपकराचीही भर पडते. शिक्षण उपकराला १९६२ च्या कायद्याचा आधार आहे, वृक्ष उपकराला १९७५ च्या. शाळेसाठी पैसे घेतले जातात, झाडांसाठी घेतले जातात. पुस्तकांसाठी मात्र त्या बिलात रकाना नाही.

‘उपकर’ या शब्दात एक काना वाढवला की ‘उपकार’ होतो. महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांचा इतिहास या एका कान्याभोवती फिरत आला आहे, असे मला वाटते. ते कसे, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

आपल्याकडची सार्वजनिक वाचनालये इंग्रजी अमदानीत निघाली. रत्नागिरीस १८२८ साली, अहमदनगरास म्हणजे आजच्या अहिल्यानगरास १८३८ साली, नाशकास १८४० साली, पुण्यास १८४८ साली, कोल्हापुरास १८५० साली वाचनालय सुरू झाले. आमच्या ठाणे जिल्ह्यात कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. आणि ठाण्यास १८९३ साली विनायक लक्ष्मण भावे प्रभृती मंडळींनी केवळ मराठी ग्रंथांसाठी म्हणून ग्रंथसंग्रहालय काढले. आरंभीच्या काही संस्थांची नावेच ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ अशी होती. गावात आलेला कलेक्टर वा न्यायाधीश, नवी इंग्रजी शिकलेली मंडळी, एखादा सरदार वा सावकार यांनी एकत्र यावे, चार कपाटे आणि वर्तमानपत्रे घ्यावीत, आणि वर्गणी ठरवावी, असा साधारण क्रम असे. जो जास्त वर्गणी देई त्यास एका वेळी जास्त पुस्तके; जो कमी देई त्यास कमी.

या व्यवस्थेची थट्टा करणे सोपे आहे. पण तिच्यातला एक मोठा गुण विसरता कामा नये. वर्गणीदार हा वाचनालयाचा मालक होता. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा भरे, जमाखर्च वाचला जाई, कार्यकारी मंडळ निवडले जाई, आणि ‘अमक्या कादंबरीच्या दोन प्रती का घेतल्या, तमका कोश का घेतला नाही’ यावर कडाक्याचे वाद होत. मतदान, ठराव, उपसूचना, सभाध्यक्षांचा निर्णय, हे सारे लोकशाहीचे पाठ आपल्या पुष्कळशा आजोबा-पणजोबांनी विधिमंडळात जाण्यापूर्वी वाचनालयाच्या सतरंजीवर बसून गिरवले. पुढे नगरपालिका गाजवणारे कितीतरी कार्यकर्ते आधी वाचनालयाचे चिटणीस होते.

दोष होता तो दाराशी. ज्याच्याजवळ वर्गणी नाही, त्यास दार बंद. आणि वर्गणी हे तरी एक उघड कुलूप. त्याच्या मागे दुसरी कुलुपे होती. स्त्रियांनी वाचनालयाची पायरी चढणे अनेक गावांत कित्येक वर्षे चमत्कारिक समजले जाई. ज्यांना गाव शिवून घेत नव्हते त्यांनी तर तेथे जाऊन पुस्तक मागावे कसे? संस्था खासगी; सभासद कोणाला करावयाचे हा तिचा प्रश्न. ‘आमच्या पैशाने चालते, आम्ही ठरवू’ असे म्हटले की वाद संपला.

हा वाद दुसऱ्या एका ठिकाणी संपला नाही, आणि तेथे पैसा कोणाचा या प्रश्नाने इतिहास घडवला. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात एक ठराव मांडला आणि तो संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुले असावेत, असा त्याचा आशय. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह त्या तळ्यावर जावे लागले. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मला येथे लक्ष वेधावयाचे आहे ते ठरावातल्या कसोटीकडे. पाणी कोणाचे, याचे उत्तर बोले यांनी धर्मशास्त्रात शोधले नाही. खर्च कोणाच्या पैशातून झाला, हे त्यांनी विचारले. पैसा सर्वांचा तर हक्कही सर्वांचा. पुढे आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात हीच कसोटी आली: शासनाच्या निधीतून पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांपासून जात, धर्म, लिंग यांवरून कोणालाही दूर ठेवता येणार नाही. ‘अंशतः’ हा शब्द तेथे फार मोलाचा आहे. वाचनालयात सार्वजनिक पैशाचा एक रुपया शिरला की त्या दाराचे नाते बदलते, ते असे.

पुस्तकासाठी सर्वांवर कर बसवावा, ही कल्पना मुळात आली कोठून? अमेरिकेत न्यू हॅम्पशर प्रांतातल्या पीटरबरो नावाच्या लहानशा गावाने १८३३ साली कराच्या पैशातून मोफत वाचनालय सुरू केले, हा त्या देशातला पहिला दाखला समजतात. इंग्लंडात यासाठी १८५० साली कायदा झाला. विल्यम एवर्ट नावाच्या सभासदाने तो पार्लमेंटात आणला. दहा हजारांहून अधिक वस्तीच्या शहरांनी, करदात्यांपैकी दोनतृतीयांश मतदारांनी होकार दिला तर, घरपट्टीत पौंडामागे अर्धा पेनी वाढवावा आणि वाचनालय काढावे, एवढीच त्यात मुभा होती. गंमत अशी की, हे पैसे इमारतीवर खर्च करता येत, पुस्तके घ्यावयास नाही! पुस्तके लोकांनी दान द्यावीत, असा कायदेकर्त्यांचा समज. एवढ्यावरही केवढा गहजब झाला. गरिबांनी वाचले तर ते बिघडतील, वाचनालये चळवळ्यांचे अड्डे बनतील, असे आक्षेप निघाले. कर्नल सिबथॉर्प या सभासदाने तर सभागृहात सांगून टाकले की, मला स्वतःला वाचन मुळीच आवडत नाही आणि ऑक्सफर्डला असतानाही त्याचा मला तिटकारा होता. असा प्रामाणिक विरोधक मिळणे हेसुद्धा भाग्यच. १८५५ साली अर्ध्या पेनीचा एक पेनी झाला आणि पुस्तके घेण्याची मोकळीक मिळाली. त्या एका पेनीची मर्यादा उठावयास मात्र १९१९ साल उजाडले.

पुढे अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटाने जगभर अडीच हजारांवर वाचनालयांना इमारती बांधून दिल्या. दाते आपल्याकडेही थोडे नव्हते. पण कार्नेगीची अट लक्षात ठेवण्याजोगी आहे. इमारत मी देतो, पण दरवर्षी तिच्या खर्चाच्या एकदशांश इतकी रक्कम गावाने आपल्या करातून वाचनालयाला द्यावी. देणगी एकदाच येते आणि विजेचे बिल दरमहा येते, हे त्या व्यापाऱ्यास नेमके कळले होते. शिवाय जे गाव स्वतः कर देते ते गाव हिशेबही विचारते.

आपल्या देशात हे तत्त्व आधी ओळखले ते एका मराठी राजाने. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड १९०६ साली अमेरिकेत हिंडले तेव्हा तेथील मोफत वाचनालये पाहून प्रभावित झाले. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, लाकडी पेट्यांतून पुस्तके खेड्यापाड्यांत फिरू लागली. परंतु मला सर्वांत अधिक मौज वाटते ती त्यांच्या पैशाच्या योजनेची. गावकऱ्यांनी जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच दरबारने. तीन समान वाटे. गावाने हात हलवला नाही तर सरकार पुढे येत नसे. गाव पुढे आले तर सरकारला मागे हटता येत नसे. राजा असूनही सयाजीरावांनी वाचनालय ही राजाची बक्षिसी ठरू दिली नाही. उपकार आणि उपकर यांमधला रस्ता त्यांनी असा शोधून काढला.

ब्रिटिश मुंबई इलाख्यात याबाबतीत उशीर झाला. १९२१ साली पुण्यास वाचनालयांची परिषद भरली आणि चळवळ आकारास आली. पण सरकारी पाऊल पडले ते बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात. १९३९ साली आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली विभाग, जिल्हा, तालुका, पेटा आणि शेवटी खेडे अशी सहा पायऱ्यांची शिडी त्या समितीने सुचवली. तेवढ्यात महायुद्ध पेटले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि ती शिडी भिंतीला टेकून उभी राहिली. १९४७ नंतर तिच्या वरच्या काही पायऱ्या बांधल्या गेल्या. दरम्यान कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयांचा स्वतंत्र कायदा करून सगळ्या हिंदुस्थानात पहिला मान पटकावला, हे मराठी वाचकांस अभिमानाचे वाटेल.

मद्रास प्रांताने १९४८ साली कायदा केला. त्यामागे डॉ. शि. रा. रंगनाथन यांची प्रेरणा होती. मूळचे गणिताचे प्राध्यापक असलेले हे गृहस्थ ग्रंथालयशास्त्राचे आचार्य झाले. गणिती असल्यामुळे असेल, पैशाचे गणित त्यांनी पक्के मांडले. घरपट्टीच्या रुपयामागे सहा पै ग्रंथालय उपकर घ्यावा आणि सरकारने तेवढीच भर घालावी. १९५५ साली हैदराबाद राज्याने ग्रंथालय कायदा केला. मराठवाडा त्या वेळी त्याच राज्यात होता. आंध्र प्रदेशाने १९६० साली आणि म्हैसूरने १९६५ साली आपापले कायदे केले, त्या दोन्हींत उपकर आला.

मग महाराष्ट्राची पाळी आली. १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम संमत झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. शिक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य ग्रंथालय परिषद, जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथालय समित्या, स्वतंत्र ग्रंथालय संचालक, आणि एक ग्रंथालय निधी अशी त्याची रचना. राज्याने दरवर्षी त्या निधीत किमान २५ लाख रुपये घालावेत, असे कायद्यातच लिहिले. प्रत्यक्षातली रक्कम पुढे कितीतरी पटींनी वाढली. उपकर मात्र ठेवला नाही.

का ठेवला नाही? माझ्या मते याचे उत्तर आपल्या पूर्वपुण्याईत आहे. दक्षिणेतल्या अनेक भागांत सरकारला ग्रंथालये नव्याने उभारावयाची होती. महाराष्ट्रात ती गावोगाव आधीच उभी होती. शंभर-शंभर वर्षे वर्गणीवर चाललेल्या, स्वतःची घटना, सभा आणि अभिमान असलेल्या संस्था सरकारी खात्यात विरघळवून टाकणे कोणालाही रुचले नसते. तेव्हा शासनाने त्यांना मान्यता द्यावी, अ, ब, क, ड असे दर्जे लावावेत, आणि अनुदान द्यावे, ही मधली वाट निघाली. १९७० च्या नियमांनी ती पक्की झाली. कारभार मंडळाचा, पैसा पुष्कळसा राज्याचा. संस्थेने नोंदणी करावी, दप्तर ठेवावे, हिशेब तपासून घ्यावेत, आणि वर्षाचे अनुदान घ्यावे.

ही वाट वाईट होती असे मी म्हणणार नाही. तिच्यामुळे अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांची संख्या अकरा हजारांच्या पुढे गेली. खेड्यातल्या एका खोलीत पाचशे-हजार पुस्तकांवर चालणाऱ्या वाचनालयालाही आधार मिळाला. पण तिने एक गोष्ट हळूहळू बदलली. जोवर पैसा वर्गणीदाराचा होता, तोवर मंडळाचे तोंड वर्गणीदाराकडे होते. पैसा अनुदानाचा झाला तेव्हा मंडळाचे तोंड अनुदान देणाऱ्याकडे वळले. वार्षिक सभेची सतरंजी रिकामी राहू लागली, आणि तपासणीच्या दिवशी मात्र नोंदवह्या लख्ख दिसू लागल्या. इकडे नागरिकाने त्या वाचनालयासाठी म्हणून काही दिलेले नसल्यामुळे, निदान तसे त्यास वाटत नसल्यामुळे, तोही काही विचारीत नाही. जुना मालक गेला, नवा आला नाही.

याचा भार कोणावर पडला ते पाहा. ‘ड’ वर्गातल्या, म्हणजे सर्वांत लहान ग्रंथालयाला वर्षाचे अनुदान कित्येक वर्षे ३०,००० रुपये होते. शासनाने २०२३ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर केली. तेव्हा ते ४८,००० झाले. म्हणजे महिन्याला चार हजार. त्यातला निम्मा भाग वेतनासाठी धरला तर तेव्हा ग्रंथपालाच्या हाती महिन्याला दोन हजार रुपये येत. एवढ्यात तो दार उघडतो, केर काढतो, पुस्तकांच्या नोंदी ठेवतो, शाळेच्या पोरांना गोष्टींची पुस्तके काढून देतो, आणि दिवाळीत आपल्याला अंक बदलून देतो. त्याच्याविषयी गावात सगळे चांगलेच बोलतात. चांगल्या बोलण्यावर त्याने संसार कसा करावा, हे मात्र कोणी बोलत नाही. घेणारा उपकाराखाली आणि देणारा उपकाराच्या भावनेत, अशी ही दोन्ही बाजूंची अडचण आहे. वाढ झाली की आभाराचे ठराव होतात, हप्ता लांबला की विनंती-अर्ज जातात. ज्याला हक्क आहे तो विनंती-अर्ज करीत नाही, मागणी करतो.

तर मग उपकर बसवला की सगळे सुरळीत होईल काय? शेजारच्यांचा अनुभव आपण डोळे उघडे ठेवून पाहावयास हवा. तामिळनाडूत मालमत्ताकराच्या रुपयामागे १० पैसे, आंध्र आणि तेलंगणात ८, कर्नाटकात ६ असा ग्रंथालय उपकर असतो. रक्कम मोठी जमते. परंतु मोठ्या शहरांच्या महापालिकांनी लोकांकडून वसूल केलेला उपकर ग्रंथालयांना वेळेवर दिलाच नाही, थकबाकी साचली, अशा तक्रारी तेथे वारंवार झाल्या आहेत. शिवाय जेथे ग्रंथालय हे निव्वळ सरकारी खाते झाले, तेथे वाचकाला कारभारात जागा उरली नाही. गोव्याने १९९३ च्या कायद्यात मद्यावरच्या अबकारी करावर ग्रंथालयांसाठी अधिभार ठेवला. पेल्याने पुस्तकाला पोसावे, ही कल्पना ऐकून कोणालाही हसू येईल. पण पुस्तकासाठी स्वतंत्र आणि कायमचा झरा हवा, हे तत्त्व त्यांनी ओळखले, हे मान्य करावयास हवे.

मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो तो केरळचा धडा. तेथेही आपल्यासारखीच लोकांनी उभारलेली गावोगावची वाचनालये होती, पी. एन. पणिक्कर यांनी १९४५ पासून त्यांचा संघ बांधला. १९८९ साली कायदा झाला तेव्हा मालमत्ताकरावर ५ टक्के उपकर आला, आणि तो खर्च करणारे ग्रंथालय मंडळ वाचनालयांच्याच प्रतिनिधींनी निवडून द्यावे असे ठरले. पैसा नागरिकांचा, कारभार वाचकांचा. महाराष्ट्राला १९६७ साली हे दोन्ही साधता आले नाही असे वाटते, ते केरळला बावीस वर्षांनी साधले. सभेची सतरंजी ठेवून तिच्यावर सर्व गावाला बसवणे अशक्य नव्हते, एवढे यावरून दिसते.

आता पुन्हा करावे गावाकडे येतो. १९९३ साली देशात दोन घटनादुरुस्त्या अमलात आल्या. त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने ग्रामपंचायतींना बळ दिले, चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने नगरपालिकांना. पंचायतींच्या कामांची यादी घटनेच्या अकराव्या अनुसूचीत आहे. तिच्यात विसाव्या क्रमांकावर ‘ग्रंथालये’ हा शब्द स्वच्छ लिहिलेला आहे. शहरांची यादी बाराव्या अनुसूचीत आहे. तिच्यात उद्याने आहेत, दहनभूमी आहेत, कत्तलखाने आहेत, सांस्कृतिक आणि शैक्षणिक बाबींना उत्तेजन असे एक मोघम कलमही आहे. पण ग्रंथालय हा शब्द नाही. जे गाव वर्षभर आधीच शहर झाले, त्याच्या वाट्याला अर्थातच दुसरी यादी आली. करावे खेडे राहते तर घटनेच्या यादीत त्याच्या नावे ग्रंथालय असते!

महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्यातही ग्रंथालये ऐच्छिक कर्तव्यांत बसवली आहेत. पाणी, गटारे, दिवाबत्ती ही आवश्यक कर्तव्ये. ती पालिकेने करावीच लागतात. ऐच्छिक म्हणजे इच्छा आणि पैसा असेल तर. आमच्या गावाचे नाव ‘करावे’. कायद्याने मात्र ग्रंथालयांच्या बाबतीत ‘करता येईल’ एवढेच म्हटले. हा शब्दांचा खेळ वाटेल, पण अंदाजपत्रकात हाच खेळ चालतो. इच्छा झाली की काय होते, याचे चांगले उदाहरणही आमच्याच शहरात आहे. ऐरोलीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात महापालिकेने ग्रंथालय उभे केले आहे. ज्या महापुरुषाने पुस्तकांसाठी घर बांधले, त्याच्या स्मारकात नागरिकांच्या पैशातून पुस्तके यावीत, याहून उचित काय असणार? मात्र एका ठिकाणी इच्छा झाली म्हणून प्रत्येक वस्तीला ती होईलच, याची हमी कोणता कायदा देत नाही.

ही हमी कोणासाठी हवी? ज्याच्या घरी कपाटभर पुस्तके आहेत आणि खिशात फोनवर हजार पुस्तके आहेत, त्याला वाचनालय नसले तरी चालते. ज्यांच्या आजोबांची खाचरे सार्वजनिक कामासाठी म्हणून घेतली गेली, त्या मुलांना दोन खोल्यांच्या घरात अभ्यासाला कोपरा मिळत नाही. परीक्षेच्या दिवसांत कोणत्याही अभ्यासिकेत डोकावावे. खुर्ची मिळवण्यासाठी पहाटेपासून दप्तरे ठेवून जागा धरलेल्या दिसतात. सार्वजनिक काम म्हणजे रस्ते, पूल आणि इमारती, हे त्या गावांनी मोठी किंमत मोजून मान्य केले. त्याच सार्वजनिक कामात एक उजेडाची खोली, दोनचार हजार पुस्तके आणि पुरता पगार मिळणारा एक ग्रंथपाल यांची गणना व्हावी, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. घरपट्टीच्या बिलात, झाडांच्या रकान्याशेजारी, ग्रंथालयांसाठी एक लहानसा रकाना असावा. रक्कम किती, हे शहराने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावे. पण ती रक्कम दुसरीकडे वळवता येऊ नये आणि तिचा वर्षाचा हिशेब छापला जावा. जुन्या संस्था मोडू नयेत. त्यांच्या मंडळांवर निम्मे लोक वाचकांनी निवडलेले आणि निम्मे नगराचे असावेत. सयाजीरावांचे तीन वाटे आजही चांगले आहेत: एक वाटा वाचकाचा, एक नगराचा, एक राज्याचा. वाचकाचा वाटा परवडत नसेल त्यास तो माफ असावा, पण सभेतले मत माफ नसावे.

एके काळी आपल्या गावांत संध्याकाळ झाली की ज्याने त्याने आपल्या दारापुरता दिवा लावावा, अशी रीत होती. श्रीमंताच्या वाड्यापुढे हंडी, गरिबाच्या झोपडीपुढे अंधार. मग नगरपालिका आल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर सरकारी दिवे आले, आणि रस्त्यावरचा उजेड सर्वांचा झाला. त्या दिव्याखालून जाताना आज कोणी पालिकेचे आभार मानीत नाही. दिवा विझला तर तक्रार करतो. आपल्या वाचनालयाविषयीही लोक असेच हक्काने तक्रार करू लागतील, त्या वर्षी मला दिवाळी अंक वाचनालयातून आणताना अधिक आनंद वाटेल. तोवर वाचकांनी एवढे करावे: हा अंक परत करताना ग्रंथपालाशी दोन शब्द बोलावेत, आणि वाचनालयाची वार्षिक सभा केव्हा आहे ते विचारून ठेवावे.